'पहेली': रूप घेणारं भूत आणि झपाटणारं भूत

(शेवट उघड केला आहे. सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहा, मग वाचा.)

आपल्याकडच्या गोष्टींतली भुतं दोन प्रकारची. एक रूप घेतं, दुसरं झपाटतं. रूप घेणारं कुणाचं तरी सोंग घेऊन दारात उभं राहतं, पण मूळ माणूस कुठेतरी शाबूत असतो. झपाटणारं जिवंत माणसाला बाजूला सारून त्याच्या अंगात शिरतं. अमोल पालेकरांच्या 'पहेली'चं (२००५) सगळं बळ पहिल्या प्रकारात आहे. सिनेमा अडखळतो तो शेवटी, भूत दुसऱ्या प्रकारात उडी मारतं तेव्हा.

मूळ गोष्ट विजयदान देथा यांची, राजस्थानीतली 'दुविधा'. पटकथा-संवाद संध्या गोखले यांचे. किशनलाल लग्नाच्या रात्री रोजमेळ-खतावणीत बुडालेला असतो आणि दुसऱ्या दिवशी व्यापारासाठी पाच वर्षांकरता परगावी निघून जातो. वऱ्हाड वाटेत बारवेपाशी थांबलेलं असताना तिथलं भूत त्याच्या नवरीवर, लच्छीवर, भाळलेलं असतं. ते किशनलालचं रूप घेऊन घरी येतं आणि सासऱ्याला रोज सोन्याच्या मोहरा देऊन गप्प करतं.

एवढ्यावर थांबला असता तर हा फसवणुकीचा सिनेमा झाला असता. पण भूत पहिल्याच एकांतात लच्छीला खरं सांगून टाकतं: मी तुझा नवरा नाही, राहू की जाऊ ते तू ठरव. सगळा डोलारा या एका प्रसंगावर उभा आहे आणि पालेकरांनी तो घाई न करता घेतला आहे. दिव्याचा उजेड, मोजके शब्द, राणी मुखर्जीचा चेहरा. आजवर तिची मर्जी कुणी विचारलेलीच नाही, हे तिला तिथे उमगतं आणि आपल्याला तिच्या डोळ्यांत दिसतं. त्या क्षणी पडद्यावर एकही चमत्कार नाही, तरी भूत पूर्ण खरं वाटतं. पालेकरांच्या मराठी 'अनाहत'मध्येही (२००३) स्त्रीच्या इच्छेचाच प्रश्न होता. दोन्ही लागोपाठ पाहिले की दिग्दर्शक एकच धागा कातत होता हे कळतं.

चमत्कार जिथे संगणकावर सोपवले आहेत, तिथे मात्र सिनेमाचं वय दिसतं. भुताने घेतलेली पक्ष्याची, खारीची रूपं आज खेळण्यातली वाटतात. आसपासचा उजेड त्यांच्या अंगावर बसत नाही, म्हणून ती चित्रावर चिकटवल्यासारखी दिसतात. फाळक्यांच्या नाशिकमध्ये तरी हे पटकन ध्यानात यावं. १९१९च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झालेली त्यांची मुलगी मंदाकिनी, गोष्ट सुरू होण्याआधीच चेहऱ्यावरचे वेगवेगळे भाव करून दाखवते. चेहऱ्यावर विश्वास बसला की पुढची युक्ती आपोआप खपते. 'पहेली'त शाहरुख खान दोन्ही भूमिकांत एकाच मिशीने वावरतो आणि तरी दोघे वेगळे कळतात: किशनलाल आक्रसलेला, नजर चोरणारा, भूत सैल, हसरं, समोरच्याकडे नीट पाहणारं. हा फरक कुठल्याही संगणकाने केलेला नाही.

सुनील शेट्टी आणि जुही चावला यांचं उपकथानक लांबलं आहे. उंटांची शर्यत देखणी असली तरी तेवढा वेळ लच्छी बाजूलाच पडते. बाकी काम चोख. रवी के. चंद्रन यांचं छायाचित्रण पिवळ्या-केशरी रंगांत न्हालेलं आहे. बारवेची दृश्यं टोंक जिल्ह्यातल्या टोडारायसिंगच्या हाडी रानीच्या बावडीत घेतली आहेत. पायऱ्यांची ती नक्षी पडदा भरून टाकते. संगीत एम. एम. क्रीम यांचं, म्हणजे 'नाटू नाटू'साठी २०२३ मध्ये ऑस्कर मिळवणारे कीरवाणी. गाणी गुलजारांची, आणि 'धीरे जलना' प्रसंगात अगदी विरघळून गेलं आहे. गोष्ट सांगणाऱ्या कळसूत्री बाहुल्यांना आवाज नसीरुद्दीन शाह आणि रत्ना पाठक शाह यांचे.

आता शेवट. खरा नवरा परततो, निवाड्यासाठी सगळे राजाकडे निघतात आणि वाटेत अमिताभ बच्चन यांनी केलेला धनगर भेटतो. निखारे उचल, मेंढ्या गोळा कर, या मशकीत (पाण्याच्या कातडी पिशवीत) शीर, अशा त्याच्या तीन कसोट्या. भूत प्रेमाच्या हट्टाने मशकीत शिरतं आणि कोंडलं जातं. इथवर लोककथेचं गणित चोख बसतं. मग कळतं की भूत निसटून किशनलालच्याच अंगात शिरलं आहे. लच्छी सुखी होते, प्रेक्षकही. पण किशनलालचं काय झालं? तो भित्रा होता, दुष्ट नव्हता. 'तुझी मर्जी काय' असं विचारणाऱ्या भुताने त्याला मात्र काहीच विचारलं नाही, आणि सिनेमाही त्याच्याकडे वळून पाहत नाही. दोष शेवट गोड केल्याचा नाही. स्वतःच घालून दिलेला नियम मोडला, हा आहे.

सोसायटीच्या गच्चीवर दाखवणार असाल तर उन्हाळ्यात साडेसातच्या आत सुरू करू नका. दिव्याच्या उजेडातले प्रसंग संधिप्रकाशात पुसले जातात. लांबी साधारण दोन तास वीस मिनिटं आणि ध्वनिवर्धक दहाला बंद करावा लागतो, म्हणून मध्यंतर पाचच मिनिटांचं ठेवा. घरी टीव्हीवर 'व्हिव्हिड' काढून 'सिनेमा' मोड लावा, नाहीतर आधीच भडक असलेलं केशरी डोळ्यांवर येतं. हालचाल गुळगुळीत करणारी सोयही बंद करा. तिच्यामुळे शर्यतीतले उंट मालिकेतले वाटतात.

याच गोष्टीवरचा मणी कौल यांचा 'दुविधा' (१९७३) दुसऱ्या दिवशी पाहा, त्याच रात्री नको. तो ८२ मिनिटांचाच आहे, पण गोठवलेल्या चौकटी आणि निवेदन यांची चाल अगदी संथ, आणि गाण्यांनी भरलेल्या डोक्याला ती पेलत नाही. तिथे भूत मशकीतून निसटत नाही.