पोट बिघडलं कागदावर, पैसे गेले खात्यातून

‘मोफत पोट तपासणी शिबिर’ असा फलक तुमच्या सोसायटीत, ज्येष्ठ नागरिकांच्या हॉलमध्ये किंवा देवळाच्या सभामंडपात लागला, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी हे वाचून दाखवा. आमच्या नानांच्या (माझे सासरे, वय 74, निवृत्त मुख्याध्यापक) गळ्यात अशाच शिबिरात प्रोबायोटिकच्या, म्हणजे पोटाला उपकारक म्हणून विकल्या जाणाऱ्या जिवंत सूक्ष्मजीवांच्या, कॅप्सूल मारल्या गेल्या. कंपनीचं नाव देत नाही, तक्रार अजून चालू आहे. शिवाय नाव कळून फारसा उपयोगही नाही. पद्धत कळली पाहिजे.

नानांचं दुखणं काही मोठं नव्हतं. सकाळी पोट साफ होत नाही, जेवल्यावर गॅस धरतो, एवढंच. त्यांच्या वयाच्या अर्ध्या नाशकाची हीच रड असेल. रविवारी सकाळी मित्रांबरोबर गेले. हॉलमध्ये तीन टेबलं, पांढरे एप्रन घातलेल्या दोन मुली आणि एक ‘सर’. सरांच्या गळ्यात स्टेथोस्कोप होता, तो कोणाच्या छातीला लागलेला कोणी पाहिला नाही. पहिल्या टेबलावर बीपी, दुसऱ्यावर बोटाला सुई टोचून साखर. हे दोन्ही खरोखर मोजतात आणि आकडेही बरोबर येतात. सगळी गोम इथेच आहे. दोन तपासण्या खऱ्या निघाल्या की तिसरीबद्दल कोण शंका घेणार?

तिसऱ्या टेबलावर ते यंत्र. पितळेसारखी चकचकीत नळी मुठीत धरायची, तिची वायर एका काळ्या डबीला आणि डबी लॅपटॉपला. मुलगी नाव, वय, उंची, वजन टाइप करते, पडद्यावर मिनिटभर रंगीत रेघा नाचतात आणि प्रिंटरमधून चाळीसेक पानांचा गठ्ठा बाहेर पडतो. ‘क्वांटम अ‍ॅनालायझर’ किंवा अशाच भारदस्त नावानं ही यंत्रं सर्रास विकत मिळतात. नानांच्या कागदावर मोठ्या आतड्याचा शोषण गुणांक होता, आतड्याच्या हालचालीचा गुणांक होता, आतल्या दाबाचा होता आणि ‘आतड्यातील जिवाणू गुणांक’ही होता. प्रत्येकापुढे दशांश चिन्हानंतर तीन आकडे. नानांनी आयुष्यभर गणित शिकवलं. तीन दशांश स्थळांपर्यंत दिलेला आकडा खोटा असेल हे त्यांच्या मनातच येईना.

मुठीतल्या नळीतून आतड्यातले जिवाणू मोजता येत नाहीत. ते बघायचे तर शौचाचा नमुना लागतो आणि तो प्रयोगशाळेत तपासूनही अमक्याला अमकीच कॅप्सूल द्या, असं आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. हे मी पुस्तकी सांगते आहे असं वाटेल, म्हणून आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचा रिपोर्ट सांगते. काकूंचं पित्ताशय खड्यांमुळे काढून टाकून वर्षं लोटली. त्यांच्या कागदावर पित्ताशयाचं एक पूर्ण पान होतं आणि त्याचं काम ‘सौम्य प्रमाणात मंदावलेलं’ होतं. त्यावरही कॅप्सूल सुचवली होती. काकू हसून हसून बेजार झाल्या, पण बाटली त्यांनीही घेतलेली होती.

पुढे शेजारच्या भागात हेच शिबिर लागलं तेव्हा माझा नवरा मुद्दाम गेला. एकदा स्वतःचं खरं वय सांगितलं. थोड्या वेळानं दुसऱ्या मुलीकडे, दुसऱ्या नावानं, वय सत्तर सांगून बसला. पहिल्या कागदावर तो ठणठणीत होता. दुसऱ्यावर त्याची हाडं, सांधे, रक्तवाहिन्या, सगळं मोडकळीला आलेलं. हात तोच, नळी तीच. म्हणजे यंत्र काय वाचतं ते उघड आहे: कीबोर्डवर टाइप केलेलं वय.

पण त्या रविवारी हे कोणाला ठाऊक? ‘सरां’नी नानांच्या कागदावर लाल पेनानं गोल केला आणि आवाज खाली आणून म्हणाले, “काका, चांगले बॅक्टेरिया फक्त अठरा टक्के उरलेत. असंच चालू राहिलं तर पुढे आतड्याला सूज, मग शुगर, मग काय काय.” आधी आजार विकला, मग औषध काढलं. पत्रकावर तर मधुमेह मुळापासून बरा करण्याची भाषा होती. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला 1954च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्यानं सरळ बंदी आहे. ते पत्रक आम्ही जपून ठेवलंय.

आता पैशाचं. “पहिली बाटली फक्त 499, गुण आला तरच पुढे घ्या.” नानांनी फोन काढला. “चष्मा आणला नाहीत का काका? द्या, मी करून देते,” म्हणत मुलीनं फोन हातात घेतला, कोड स्कॅन केला आणि पिन टाकायला नानांकडे परत दिला. नानांनी पिन टाकला. त्या पिननं 499 रुपये गेलेच, शिवाय दरमहा 2,499 रुपये आपोआप वळते करून घ्यायची मंजुरीही गेली. याला यूपीआय ऑटोपे म्हणतात. विजेचं बिल, विम्याचा हप्ता यांसाठी सोय चांगली आहे. इथे तिचा गळफास केला. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे कापण्याआधी निदान 24 तास अगोदर सूचना यावी लागते, आणि ती येतही होती. इंग्रजीत. कर्ज घ्या, लॉटरी लागली, केवायसी करा, या मेसेजांच्या ढिगाऱ्यात. दर महिन्याला कुरिअरनं बाटली यायची, ती नानांना ‘499च्या कोर्समधली’ वाटायची. पासबुक भरून आणलं तेव्हा घरात कळलं.

मी बाटली हातात घेतली ती तेव्हाच. पुढे ठसठशीत अक्षरात ‘50 बिलियन सीएफयू’. सीएफयू म्हणजे जिवंत राहून वाढू शकतील अशा जिवाणूंची मोजणी. 50 बिलियन म्हणजे 5,000 कोटी. ऐकायला छाती दडपते, पण आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची किमान अट दिवसाला 10 कोटींची आहे, आणि आकडा जितका मोठा तितका गुण जास्त असं काही नसतं. मागे भिंगानं वाचावं लागेल अशा अक्षरात दोन गोष्टी होत्या. एक, हा आकडा ‘उत्पादनाच्या वेळचा’. आज बाटलीत किती जिवंत आहेत याची हमी नाही. दुसरी, ‘औषधी वापरासाठी नाही’. हे वाक्य पूरक आहारावर छापावंच लागतं. म्हणजे तोंडानं आजार बरे करतो म्हणायचं आणि बाटलीवर औषध नव्हे म्हणून हात झटकायचे.

जिवाणूंची नावंही अर्धवट. लॅक्टोबॅसिलस अ‍ॅसिडोफिलस, बिफिडोबॅक्टेरियम, बस्स. याला काही अर्थ नाही, कारण प्रोबायोटिकचा गुण जातीवर नाही तर त्या जातीतल्या ठरावीक वाणावर अवलंबून असतो. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससच्या पुढे ‘जीजी’ लिहिलेलं असतं ना, ते वाणाचं नाव. ते नसेल तर कोणत्या अभ्यासाच्या आधारावर विकताय, हे विचारायलाही जागा उरत नाही. आणि उन्हाचं तर बोलूच नका. ‘25 अंशांखाली ठेवा’ असं छापलेले खोके एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत दिवसभर होते, हॉलच्या वॉचमननंच ते उतरवले होते. बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्ससारखे बीजाणू करणारे जिवाणू उष्णता सोसतात. लॅक्टोबॅसिलस सोसत नाही. बाटलीत नेमका तोच. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी 2001 साली प्रोबायोटिकची व्याख्या केली, तिची पहिलीच अट सूक्ष्मजीव जिवंत हवेत ही आहे.

गुण काय आला? पहिल्या आठवड्यातच नानांचं पोट ढोलासारखं फुगलं. फोन केला तर उत्तर तयार: “छान! वाईट बॅक्टेरिया मरतायत, डिटॉक्स चाललाय. डोस दुप्पट करा.” ही तर कमालच. त्रास झाला तर औषध लागू पडलं, त्रास नाही झाला तरी औषध लागू पडलं. वर सांगितलं, दही-ताक बंद, त्यात ‘चुकीचे’ जिवाणू असतात. जेवणानंतर ताक नाही म्हणजे नानांना जेवल्यासारखंच वाटत नाही. तरी बिचाऱ्यांनी बंद केलं. इसबगोलही बंद करायला लावलं, ‘सवय लागते’ म्हणून.

मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कॅप्सूलकडे पाहिलंच नाही, आधी नानांच्या सगळ्या गोळ्या टेबलावर ओतायला लावल्या. गुडघ्यासाठी दुसऱ्याकडून घेतलेली ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी आणि जोडीला कॅल्शियम. दोन्हींनी बद्धकोष्ठ होतं. मग तोंड उघडायला लावलं. कवळी सैल झाली होती, त्यामुळे भाकरी, काकडी, गाजर कधीच सुटलेलं आणि मऊ भात, बिस्किटं एवढ्यावर चाललेलं. गोळ्या बदलल्या, कवळी नीट करून घ्यायला सांगितली, इसबगोल भरपूर पाण्याबरोबर पुन्हा सुरू, ताकही सुरू. महिन्याभरात गाडी रुळावर आली.

डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र दटावून सांगितली. पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली, शौचातून रक्त गेलं, कारण नसताना वजन उतरलं किंवा रक्त कमी झालं, तर प्रोबायोटिक शोधत बसायचं नाही, तपासणी करून घ्यायची. शिबिरात यातलं एक अक्षर कोणी विचारलं नव्हतं.

प्रोबायोटिक म्हणजे सगळं थोतांडच, असं माझं म्हणणं नाही. अँटिबायोटिक घेताना होणारे जुलाब टाळायला काही वाण उपयोगी पडतात. सॅकरोमायसिस बोलार्डी त्यातलंच, आणि ते जिवाणू नव्हे तर यीस्ट आहे. पण अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं 2020 साली सगळे अभ्यास तपासून मोजक्याच स्थितींत त्यांची शिफारस केली. पोटाच्या बहुतेक तक्रारींसाठी पुरावा अपुरा ठरला. धडधाकट माणसानं रोज पोट साफ व्हावं म्हणून महिन्याला अडीच हजार घालवावेत इतका पुरावा तर नाहीच.

मला सर्वांत संताप कशाचा आला ते सांगते. आमच्या गल्लीतल्या एका ताईंची केमो चालू आहे. त्यांच्या घरच्यांनी हे शिबिरात सांगितलं होतं, तरीही ‘प्रतिकारशक्तीसाठी’ म्हणून दोन बाटल्या दिल्या. प्रतिकारशक्ती ढासळलेल्या रुग्णात हेच जिवाणू किंवा यीस्ट रक्तात शिरून गंभीर संसर्ग झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. सुदैवानं त्यांनी घ्यायच्या आधी कर्करोगतज्ज्ञांना विचारलं. पैसे गेले तर गेले, पण याला मी फसवणूक म्हणणार नाही. यापेक्षा वाईट शब्द हवा.

पैशाचं पुढे काय झालं? पहिलं काम केलं ते ऑटोपे बंद करण्याचं. पैसे पाठवायच्या अ‍ॅपमध्येच ‘ऑटोपे’ किंवा ‘मॅन्डेट’ असा भाग असतो, तिथे चालू मंजुऱ्या दिसतात आणि तिथूनच रद्द करता येतात. तुमच्या घरातल्या ज्येष्ठांच्या फोनमध्ये आज रात्रीच बघा. आमच्या काकूंच्या फोनमध्ये अशी आणखी एक निघाली, कसल्याशा भविष्याच्या अ‍ॅपची. बँकेनं मात्र हात वर केले: पिन ग्राहकानंच टाकलाय. कंपनीचा फोन उचलणारा दर वेळी नवा. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर कंपनी एकाएकी गोड बोलू लागली आणि शेवटच्या महिन्याचे पैसे परत आले. आधीचे नाहीत. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरवलंय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, ऑनलाइन दाखल करता येते आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. बाटलीबद्दलची वेगळी तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे दिली आहे. तुमच्या बाबतीत न सांगता खात्यातून पैसे काढले गेले असतील, तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर त्याच तासाला फोन करा. तिथे वेळेवर सगळं अवलंबून असतं.

आणि बाटली फेकू नका. रागाच्या भरात आमच्या इथल्या बऱ्याच जणांनी कचऱ्यात टाकली. बॅच क्रमांक, तारीख, चौदा आकडी परवाना क्रमांक यांचे फोटो काढून ठेवा. पत्रक, तो चाळीस पानी रिपोर्ट, मेसेजचे स्क्रीनशॉट सगळं एका पिशवीत घाला. शिबिरात बिल कोणालाच दिलं नव्हतं, मागितलं की “ऑनलाइन येईल.” ज्यांनी रोख दिले आणि बाटलीही टाकली त्यांच्याकडे आता दाखवायला काहीच नाही. हॉल भाड्यानं देणाऱ्या मंडळींनाही आम्ही लेखी पत्र दिलंय की पुढच्या वेळी शिबिरातल्या डॉक्टरचा नोंदणी क्रमांक घेतल्याशिवाय चावी देऊ नये. त्यावर मंडळाच्या बैठकीत वाद झाला, कारण हॉलचं भाडं त्या लोकांनी आगाऊ आणि दुप्पट दिलं होतं.