आयसोलेटेड लिंब इन्फ्युजन: पाय वाचवणाऱ्या तीस मिनिटांची चिकित्सा

पायावर मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरच्या, गाठी उगवत राहतात. एक कापली की शेजारी दोन येतात. आजार त्या पायापुरताच असेल, तर पाय काढण्याआधी या उपचाराचा, म्हणजे पायाचं रक्ताभिसरण शरीरापासून तोडून फक्त त्यातच कॅन्सरचं औषध फिरवण्याचा, विचार व्हायलाच हवा.

मूळ पद्धत, परफ्युजन, १९५०च्या दशकाच्या अखेरीस न्यू ऑर्लिन्समध्ये क्रीच आणि क्रेमेंट्झ यांनी सुरू केली. तीत मोठ्या रक्तवाहिन्या उघडून पाय हार्ट-लंग मशीनला, म्हणजे शरीराबाहेर रक्त फिरवणाऱ्या यंत्राला, जोडतात. सिडनीच्या जॉन थॉम्पसन यांनी १९९०च्या दशकात ती सोपी केली: दुसऱ्या बाजूच्या जांघेतून सुईवाटे धमनीत आणि शिरेत कॅथेटर (बारीक नळ्या) सरकवायचे, रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन द्यायचं, मांडीवर हवेचा टूर्निके (रक्तप्रवाह रोखणारा पट्टा) आवळायचा. मग मेल्फालान आणि ॲक्टिनोमायसिन-डी ही कॅन्सरची औषधं धमनीतून सोडायची, आणि सिरिंजने शिरेतून रक्त ओढून पुन्हा धमनीत, असं तीस मिनिटं हाताने फिरवत राहायचं. शेवटी सुमारे लिटरभर सलाईनने पाय धुऊन काढायचा. वयस्कर रुग्णाला हीच पद्धत झेपते, आणि गरज पडली तर पुन्हाही करता येते.

खरी कसोटी डोसमध्ये आहे. मेल्फालान वजनावर नाही, पायाच्या आकारमानावर ठरतं: पायाला लिटरमागे साधारण ७.५ मिलिग्रॅम, हाताला १०. स्थूल रुग्णात इथेच चूक होते. चरबीने आकारमान वाढतं, पण ती औषध फारसं घेत नाही. जास्तीचा भार स्नायू आणि कातडीवर पडतो. म्हणून आदर्श वजनानुसार डोस कमी करणारं केंद्रच निवडावं. मेल्फालान द्रावणात लवकर निकामी होतं, ते ऐनवेळी बनवावं लागतं. पायही आधीपासून गरम हवा, कारण गार कातडीतल्या आकसलेल्या वाहिन्यांतून औषध गाठीपर्यंत पोचत नाही.

सिडनीच्या १८५ रुग्णांच्या नोंदीत ३८ टक्क्यांच्या गाठी पूर्ण नाहीशा झाल्या, आणखी ४६ टक्क्यांच्या आकसल्या. आकडे उत्तम आहेत. मात्र टूर्निकेच्या वरचा आजार तसाच राहतो. जांघेतल्या गाठींची शस्त्रक्रिया वेगळी. आयुष्य वाढेल, असं सांगून कोणी हा उपचार विकत असेल तर सावध व्हा. हा पाय वाचवण्याचा उपाय आहे. मोठ्या सार्कोमासाठी (स्नायू, चरबी अशा ऊतींच्या कॅन्सरसाठी) जुनी परफ्युजन पद्धतच सरस, कारण तिच्यात टीएनएफ हे गाठीच्या रक्तवाहिन्या नष्ट करणारं प्रथिन वापरता येतं. ते उरलेल्या शरीराच्या रक्तात गळलं तर रक्तदाब कोसळतो, म्हणून पायात फिरणाऱ्या रक्तात किरणोत्सर्गी खूण मिसळून छातीवरच्या मापकाने गळती सतत मोजतात.

नंतर पाय लाल होतो, सुजतो. क्वचित फोड येतात. भीती असते ती स्नायूंच्या कप्प्यात दाब साचण्याची, त्यातून पायच जाऊ शकतो. रक्तातलं सीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम, रोज तपासावं. ते हजारापलीकडे गेलं की स्टेरॉइड देतात. इन्फ्युजननंतर सीकेचा कळस काही दिवसांनी येतो, बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. दुसऱ्याच दिवशी घरी सोडणार असतील, तर नको म्हणा.