ओल्या ओकची पूर्वतयारी शिकवणारा वर्ग : एक अभिप्राय

इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात मी नुकताच ओल्या ओकच्या, म्हणजे ताज्या कापलेल्या, न वाळवलेल्या ओक वृक्षाच्या लाकडाच्या, पारंपरिक बांधणीचा तीन दिवसांचा वर्ग केला. सांध्यांपेक्षा त्याआधीच्या कामावर, म्हणजे ओबडधोबड लाकूड सांधे आखण्याजोगे करण्यावर, या वर्गाचा भर आहे आणि माझ्या मते त्याचे मोल तेवढ्यातच आहे.

पहिल्या दिवशी कोणीही पटाशीला हात लावत नाही. कापून आलेल्या तुळईचे चारही कोन क्वचितच काटकोनात असतात, हे आधी मान्य करायला शिकवतात. दोन टोकांवर सरळ पट्ट्या आडव्या ठेवून पीळ नजरेने ताडायचा, बाक असल्यास फुगीर बाजू वर येईल अशी तुळई फिरवायची, लगतच्या दोन उत्तम बाजू निवडून त्यांवर खूण करायची आणि पुढची सर्व मापे कडेवरून न घेता सुताने मारलेल्या रेषेवरून घ्यायची. रंधा मारून तुळई सरळ करत बसण्याचा माझा हट्ट तिथेच मोडला, कारण ओक वाळताना आडवा आकसतो (वलयांच्या दिशेने सुमारे 8 टक्के, त्रिज्येच्या दिशेने त्याच्या निम्म्याने), लांबीत मात्र जवळजवळ नाही. त्यामुळे आज घडवलेला काटकोन काही वर्षांनी तसाच राहत नाही.

दुसऱ्या दिवशी ओंडक्यावर ठरावीक अंतराने रेषेपर्यंत खाचा पाडून, मधले तुकडे फोडून, रुंद पात्याच्या कुऱ्हाडीने बाजू तासली. ओला ओक अपेक्षेपेक्षा बराच मऊ लागतो. वाळल्यावर हेच काम हाताने करणे दमछाक करणारे ठरते. त्यातील टॅनिन हे तुरट द्रव्य लोखंडाशी मिळून हात निळेकाळे करते, आणि तो रंग चार दिवस जात नाही.

उणीव एकच, पण मोठी: बाराजणांत रुंद कुऱ्हाडी दोनच होत्या, त्यामुळे निम्मा दिवस पाहण्यात गेला. खुंट्यांचा भागही घाईत उरकला. कुसवातील (एका लाकडाच्या टोकाला काढलेल्या जिभेतील) भोक, ते जिच्यात बसते त्या खोबणीतील भोकापासून किंचित सरकवले, की वाळक्या ओकची खुंटी सांधा आवळून घेते, हे सांगितले. किती सरकवायचे, ते मात्र विचारून घ्यावे लागले.

इमारतीचे आराखडे करणाऱ्यांनी हा वर्ग जरूर करावा. थेट सांधे कापायला शिकायचे असेल, त्यांनी मात्र दुसरा वर्ग पाहावा.