प्रोप्रॅनोलॉल आणि हाताची थरथर : सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

एसेन्शियल ट्रेमरसाठी (काम करताना हात थरथरण्याचा विकार) प्रोप्रॅनोलॉलची गोळी चालू करून आता सात-आठ महिने होत आले. आधी निकाल सांगते. मला गोळी लागू पडली, थरथर पूर्ण गेली नाहीये पण काम अडत नाही इतकी कमी झाली. तरीही मी कुणाला "तू पण घेऊन बघ" असं कधीच म्हणणार नाही, कारण ही गोळी पोटात गेली की जिथे जिथे बीटा रिसेप्टर (अॅड्रेनालिनसारख्या रसायनांचा संदेश घेणाऱ्या, पेशींवरच्या जागा) आहेत तिथे सगळीकडे पोचते, हृदयात, श्वासनलिकांत, रक्तवाहिन्यांत, स्नायूंत, आणि आपल्याला फक्त हाताचं पडलेलं असलं तरी तिला ते कळत नाही.

मी तुर्भ्याच्या एमआयडीसीत औषध कंपनीत क्यूसीला (क्वालिटी कंट्रोल, म्हणजे औषधांची तपासणी) आहे, राहायला ठाण्यात. दिवसातलं निम्मं काम बॅलन्ससमोर, म्हणजे लॅबच्या नाजूक वजनकाट्यासमोर. दहा मिलिग्रॅम रेफरन्स स्टँडर्ड (तुलनेसाठी वापरायचा शुद्ध नमुना) वजन करायचं म्हणजे स्पॅच्युलाच्या टोकावर चिमूटभर पावडर घ्यायची, बॅलन्सचं काचेचं दार सरकवायचं, हात आत न्यायचा आणि तर्जनीने हळूच टिचकी मारायची, कण कण पडले पाहिजेत. हात थरथरला की सगळं एकदम पडतं, आणि जास्त पडलेलं स्टँडर्ड परत बाटलीत टाकता येत नाही, ते फेकायचंच. स्टँडर्ड किती महाग असतं ते लॅबवाल्यांना सांगायला नको. बाजूला कुणी उभं राहिलं की माझी थरथर दुप्पट. लोकांना वाटायचं घाबरते. वडिलांचे हात असेच थरथरायचे, आत्याचेही, बशीत चहा ओतताना घरात कुणीच आत्याकडे बघायचं नाही, पद्धतच होती ती.

डॉक्टर मॅडमनी आधी थायरॉइड तपासलं कारण थायरॉइड वाढलं तरी हात कापतात, मग कागदावर स्पायरल काढायला लावला, हात मांडीवर ठेवून बघितले (पार्किन्सनमध्ये बहुतेक वेळा हात निवांत असताना थरथरतो, माझा काम करताना), ईसीजी काढला, आणि दमा आहे का हे किमान तीनदा विचारलं. सुरुवात २० मिलिग्रॅमची दोन वेळा, नंतर ४० ची सस्टेन्ड रिलीज (हळूहळू सुटणारी) सकाळी एकदा. साधी गोळी काही तासांतच उतरते, दुपारी चारनंतर हाताला फरक कळायचा, म्हणून बदलली.

आता हे नेमकं होतं काय, ते थोडं सांगते कारण माझा विषय आहे आणि मला तो मनापासून आवडतो. धावपळीच्या किंवा भीतीच्या वेळी शरीराला जोर देणाऱ्या सिंपथेटिक नसांच्या टोकाशी नॉरअॅड्रेनालिन सुटतं, किडनीच्या डोक्यावरच्या ग्रंथीतून अॅड्रेनालिन थेट रक्तात येतं. एकच रसायन एका ठिकाणी स्नायू आवळतं आणि दुसरीकडे सैल सोडतं, हे कोडं बरीच वर्षं होतं. १९४८ साली अमेरिकन औषधशास्त्रज्ञ रेमंड अॅलक्विस्टने म्हटलं की रिसेप्टरच दोन तऱ्हेचे असणार, त्याने नावं दिली अल्फा आणि बीटा. तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. स्कॉटिश औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅकने घेतलं. अंजायनाच्या (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) पेशंटच्या हृदयाला ऑक्सिजन जास्त पुरवण्यापेक्षा हृदयाची गरजच कमी करू, बीटा अडवू, असा त्याचा विचार, त्यातून साठच्या दशकात प्रोप्रॅनोलॉल आलं आणि १९८८ ला त्याला नोबेल मिळालं. गोळी बीटा रिसेप्टरवर जाऊन बसते पण त्याला चालू करत नाही, कुलपात तुटकी चावी अडकून राहावी तसं, मग खरी चावी आली तरी आत जायला जागा नाही. बीटा-वन मुख्यतः हृदयात, बीटा-टू श्वासनलिकांत आणि हातापायाच्या स्नायूंत, प्रोप्रॅनोलॉल दोन्ही अडवतं. थरथरीवर मुख्यतः हे स्नायूंतलं बीटा-टू अडवणंच कामी येतं असं मानतात, आणि निव्वळ बीटा-वनवर चालणाऱ्या गोळ्या थरथरीला तेवढ्या चालत नाहीत.

हात स्थिर ठेवायला ती किती उपयोगी आहे याचा पुरावाच हवा असेल तर नेमबाजीत आणि तिरंदाजीत बीटा ब्लॉकरवर (बीटा अडवणाऱ्या अशा सगळ्या गोळ्यांवर) बंदी आहे, २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची दोन पदकं प्रोप्रॅनोलॉल सापडल्यामुळेच काढून घेतली होती.

माझे अनुभव. पहिले दोन आठवडे थकवा. ठाण्याला नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून पुलाचे जिने चढताना पाय जड व्हायचे, धाप नाही, छातीत धडधड नाही, नुसता वेग येत नाही. शांत बसलेलो असताना हृदय आधीच व्हेगस नावाच्या, ठोके मंद करणाऱ्या नसेच्या ताब्यात असतं, तिथे ॲसिटिलकोलीन हे रसायन ठोके धरून ठेवतं, म्हणून बसल्या बसल्या गोळीने नाडी थोडीच उतरते, खरा फरक धावताना कळतो जेव्हा सिंपथेटिकने जोर लावायचा असतो. आता सवय झाली, गाडी सुटली तर पुढची.

हातपाय गार पडतात, एसी लॅबमध्ये तर जास्तच. रक्तवाहिन्या सैल करणारा बीटा-टू बंद, आवळणारा अल्फा मोकळा. स्वप्नं फार स्पष्ट पडायला लागली, हे औषध चरबीत विरघळणारं असल्याने मेंदूत सहज जातं. मला त्रास नाही झाला पण झोप मोडणाऱ्यांनी डॉक्टरांना सांगावं.

सगळ्यात नवल वाटलं ते ऑडिटच्या दिवशी. इन्स्पेक्टर पाठीशी उभे, मी वजन करतेय, हात स्थिर, छाती शांत, आणि ग्लोव्हजच्या आत तळवे घामाने चिंब. कॉलेजात पाठ केलेलं तेव्हा अंगावर अनुभवलं. घामाच्या ग्रंथींना येणारी नस सिंपथेटिकच, पण तिच्या टोकाशी सुटतं ॲसिटिलकोलीन, त्याला बीटा ब्लॉकर हातही लावत नाही. आणि म्हणूनच इन्सुलिनवाल्यांनी हे नीट वाचा, शुगर खाली गेली की धडधड आणि थरथर ही जी सूचना मिळते ती ही गोळी दाबून टाकते, घाम तेवढा राहतो. आमच्या शेजारच्या काकू इन्सुलिनवर आहेत, त्यांचेही हात कापतात, त्यांनी माझ्याकडे स्ट्रिप मागितली होती. दिली नाही, डॉक्टरांकडे पाठवलं. राग आला त्यांना थोडा, येऊ दे.

घरात दुसरी काळजी सासऱ्यांची. त्यांना दमा, सॅल्ब्युटामॉलचा पंप चालू. तो बीटा-टू चालू करतो, श्वासनलिका उघडतात, त्याच औषधाने त्यांचे हात मात्र थोडे कापतात. म्हणजे एकाच घरात एकाच रिसेप्टरला एक जण चालू करतोय आणि दुसरी बंद. त्यांनी चुकून माझी गोळी घेतली तर श्वासनलिका आवळतील आणि वर पंप मारला तरी नीट लागू पडणार नाही, कारण जागा अडलेली. म्हणून माझी स्ट्रिप घरातल्या औषधांच्या डब्यात ठेवत नाही, माझ्या कपाटात वेगळी, वर मोठ्या अक्षरात नाव.

पावसाळ्यात सर्दी झाली तेव्हा केमिस्टकडची नेहमीची सर्दीची गोळी घ्यायला डॉक्टरांनी मनाई केली. त्यात फिनाइलएफ्रिन असतं, ते अल्फावर काम करून रक्तवाहिन्या आवळतं, बीटा आधीच अडवलेला असताना बीपी चढायची शक्यता. साधं पॅरासिटामॉल आणि वाफ यावर भागवलं.

इंटरव्ह्यूच्या किंवा स्टेजवर जायच्या आधी मैत्रिणीकडून एक गोळी घेऊन टाकणारे आमच्याच ऑफिसात आहेत, आणि याची मला खरोखर चीड येते. दमा कुणाला आहे, नाडी कुणाची आधीच पन्नासच्या आसपास आहे, कुणाला हार्ट ब्लॉक (हृदयातले विजेचे संदेश अडखळणं) आहे हे ईसीजी न काढता कसं कळणार? ही गोळी प्रिस्क्रिप्शनवर मिळते त्याला कारण आहे.

बंद करायची तरी एकदम नाही. रिसेप्टर बराच काळ अडवून ठेवले की शरीर त्यांची संख्या वाढवतं, अचानक गोळी थांबवली तर तेवढ्या सगळ्यांवर अॅड्रेनालिन तुटून पडतं, धडधड, बीपी, हृदयाचा त्रास असलेल्याला तर अटॅकसुद्धा येऊ शकतो. म्हणून गावी जाताना दोन स्ट्रिप जास्त घेते, एक पर्समध्ये आणि एक बॅगेत.

मागच्या वेळी मॅडमनी डोस वाढवून बघू का विचारलं होतं. मी नको म्हटलं. सुईत दोरा अजून दुसऱ्याकडूनच ओवून घेते, पण दहा मिलिग्रॅम माझ्या हाताने बरोबर पडतात, आणि जास्त डोसने जिने चढणं अजून जड होईल ते नकोय. नाडी रोज सकाळी बघते, साठच्या खाली सहसा जात नाही. पुढची ईसीजी दिवाळीनंतर आहे, काही बदल झाला तर इथेच लिहीन.