पोस्टग्रेसच्या डॉक्युमेंटेशनमधले ‘रिलायबिलिटी’ हे पान

डेटाबेसच्या डॉक्युमेंटेशनमध्ये डिस्कच्या कॅशेबद्दल, म्हणजे डेटा तात्पुरता धरून ठेवणाऱ्या मेमरीबद्दल, वाचायला मिळेल, अशी अपेक्षा सहसा कोणी ठेवत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसचे हे पान मात्र जवळजवळ तिथूनच सुरू होते. लिहायला दिलेला डेटा आधी ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीत, मग कंट्रोलरच्या (डिस्क चालवणाऱ्या कार्डाच्या) आणि शेवटी खुद्द डिस्कच्या कॅशेत थांबू शकतो, आणि साध्या साटा डिस्कचा कॅशे वीज गेल्यावर टिकेलच असे नाही, हे त्यात भीडभाड न ठेवता सांगितले आहे. लिनक्समधले ‘राइट’ या लिहिण्याच्या फंक्शनचे मॅन्युअलही ‘राइट’ यशस्वी झाले म्हणून डेटा डिस्कवर पोचलाच असे नाही, एवढे बजावते, पण कॅशे तपासायचा कसा, ते हे पान सांगते: ‘एचडीपार्म’ या कमांडला मोठा ‘आय’ (-I) देऊन पाहा, ‘राइट कॅशे’ या ओळीला तारांकन (*) असेल तर कॅशे चालू आहे.

हेच पान समोर ठेवून मी कार्यालयातल्या जुन्या सर्व्हरवर ‘पीजी_टेस्ट_एफसिंक’ चालवले (एफसिंक म्हणजे डेटा खरोखर डिस्कवर उतरवण्याची आज्ञा; हे साधन तिचा वेग मोजते), तर सेकंदाला काही हजार एफसिंक झाल्याचा आकडा आला. डिस्क ७२०० आरपीएमची, म्हणजे सेकंदाला १२० फेरे. त्याच जागी पुन्हा लिहायला पूर्ण फेरा लागतो, मग हजार आले कुठून? ‘एफएसटॅब’ ही डिस्क जोडण्याच्या सेटिंगची फाइल उघडल्यावर बॅरियर, म्हणजे डिस्कला कॅशे रिकामा करायला लावणारी सोय, बंद केलेला दिसला. आधीच्या तंत्रज्ञाने वेगासाठी तो बंद केला होता, आणि तशी मुभा याच पानावर आहे, मात्र ती वीज गेली तरी कॅशे टिकवणारी बॅटरी असलेल्या कंट्रोलरसाठी. आमच्या सर्व्हरला बॅटरीच नव्हती. बॅरियर चालू करताच आकडा शंभराच्या आसपास उतरला. हिशेब विभागाने सर्व्हर मंद झाल्याची तक्रार केली, ती मी मुकाट्याने ऐकून घेतली.

माझा आक्षेप मांडणीवर आहे. बॅटरी नादुरुस्त असेल तर डेटा जाऊ शकतो, हा इशारा बॅरियर बंद करण्याच्या सल्ल्यानंतर येतो; तो आधी आणि ठळक हवा होता, कारण घाईतला माणूस कमांड सापडली की वाचणे थांबवतो. दुसरे असे की, एफसिंक एकदा फसल्यावर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मेमरीतले न लिहिलेले डेटाचे तुकडेही लिहिले गेल्यासारखे धरू शकतो आणि पुढच्या एफसिंकला खोटे यश मिळते, हा २०१८ मध्ये गाजलेला प्रश्न ‘डेटा_सिंक_रिट्राय’ या सेटिंगखाली, वेगळ्याच प्रकरणात शोधावा लागतो.

तरीही सर्व्हर सांभाळणाऱ्याने हे पान वाचलेच पाहिजे. आमच्याकडे त्याची छापील प्रत सर्व्हरच्या कपाटाला आतून चिकटवली आहे, बॅटरीच्या वाक्याखाली लाल रेघ मारून.