माउंटिंग किटच्या नावाखाली

गाडी जागेवर उभी असताना स्टीअरिंग वळवलं की पुढच्या उजव्या चाकाकडून 'टण्ण' असा आवाज यायचा, ताणलेली तार सुटावी तसा. वळण संपल्यावर स्टीअरिंग आपणहून सरळही होत नव्हतं. गॅरेजवाल्याने गाडी पुढून दोनदा दाबली आणि निकाल दिला, "शॉकअप गेले. जोडी बदलू, सोबत माउंटिंग किट." किट म्हणजे शॉकअपच्या डोक्यावर बसणारे रबर, बेअरिंग असे सुटे भाग.

खरं तर दाबून सोडल्यावर गाडी एकदाच वर येऊन थांबली होती. शॉकअप गेलेले असते तर ती झुलत राहिली असती, नाहीतर नळीवर तेल ओघळलेलं दिसलं असतं. हे शहाणपण आत्ताचं. तेव्हा मी मान डोलावली.

संध्याकाळी बिलासोबत त्याने दोन तडकलेली रबरी माउंटिंग पुढे केली. "बघा, काय अवस्था झाली होती!" मी फोटो काढून ठेवला.

आवाज मात्र जसाच्या तसा. "नवा माल आहे, सेट व्हायला वेळ लागतो," म्हणाला. चारशे किलोमीटर झाले तरी काही सेट होईना, तेव्हा दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने पाना उचललाच नाही. माझा तळवा स्प्रिंगवर बाहेरून टेकवायला लावला (बोटं वेढ्यांमध्ये घालायची नाहीत) आणि पोराला स्टीअरिंग हळू फिरवायला सांगितलं. स्प्रिंग अडली, पीळ खाल्ला आणि हाताला झटका देऊन सुटली. टण्ण!

मग त्याने समजावलं. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर असतं ते माउंटिंग, म्हणजे पत्र्यांमध्ये धरलेलं रबर. ते बॉडीला घट्ट बोल्ट केलेलं असतं, फिरत नाही; खड्ड्याचा दणका गिळणं हे त्याचं काम. त्याच्याखाली बेअरिंग, त्याखाली स्प्रिंगची वाटी. चाक वळलं की शॉकअप आणि स्प्रिंग सोबत फिरतात, वरचं माउंटिंग जागचं हलत नाही, आणि या दोघांमधली फिरकी बेअरिंग सांभाळतं. ते जाम झालं की स्प्रिंग पिळली जाते. रबर गेलं असतं तर खड्ड्यात 'धप्प' ऐकू आलं असतं, आणि बारीक खडबडीवर खडखड असती तर त्याने आधी लिंक रॉड (वळणावर गाडीचं कलणं रोखणाऱ्या आडव्या दांड्याला चाकाच्या जोडणीशी बांधणारी छोटी दांडी) हलवून पाहिला असता.

खोलल्यावर शॉकअप खरंच नवे निघाले. माउंटिंग आणि बेअरिंग जुनीच, वरून काळं पॉलिश मारलेली. बेअरिंग हातात फिरवलं तर आत वाळू दळल्यासारखं लागत होतं. मी फोटो दाखवला तर मिस्त्री हसायलाच लागला. "अहो, ही मागची माउंटिंग! मागची चाकं वळत नाहीत, म्हणून यात बेअरिंगला जागाच नाही. तुमच्या गाडीची तर नाहीतच, तुमची मागची बाजू कुणी खोललेलीसुद्धा नाही."

आणखी एक गोष्ट मला खटकायला हवी होती. पुढचा शॉकअप उतरवला की अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करावंच लागतं, आणि पहिल्या गॅरेजने त्याचं नावही काढलं नव्हतं.

तेव्हा बिलात नुसतं 'किट' लिहून देत असतील तर थांबवा. माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला तरी आपटू न देणारा तुकडा), डस्ट कव्हर (धूळ अडवणारं आवरण) वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्या. बोनेट उघडल्यावर माउंटिंगचा वरचा भाग दिसत असेल तर त्यावर आधीच रंगाचा ठिपका मारून ठेवा.

पहिल्या गॅरेजवाल्याने "पोराकडून चुकलं असेल" म्हणत किटचे पैसे परत दिले. माझे जुने, धडधाकट शॉकअप मागितले, तर ते भंगारात गेले होते म्हणे.