डिस्चार्जच्या दुसऱ्या दिवशी आलेला फोन

बाबांना दवाखान्यातून घरी आणलं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी माझा मोबाइल वाजला. "बेन, तमे जराय चिंता ना करशो," पलीकडची बाई म्हणाली, आणि मग बाबांची चौकशी सुरू केली. बाबांचं नाव, वॉर्ड, किती तारखेला सुट्टी झाली, पोटातलं पाणी कधी काढलं, सगळं तिला पाठ. ती दवाखान्यातूनच बोलते आहे असं मी धरून चालले. माझी पहिली चूक ती.

आमची परिस्थिती आधी सांगते, म्हणजे आम्ही का फसलो ते कळेल. बाबांना लिव्हर सिरॉसिस आहे, म्हणजे लिव्हर आतून निबर होत गेलंय. दारूला त्यांनी जन्मात हात लावलेला नाही. वीस-बावीस वर्षांचा मधुमेह, त्यातून फॅटी लिव्हर, आणि त्यातून हे. पण लिव्हर म्हटलं की समोरच्याच्या मनात एकच गोष्ट येते, आणि दारूबंदीच्या गुजरातेत तर जास्तच. बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या चार पिढ्या गेल्या, सगळे ओळखीचे. आईने बजावलं होतं, कुणी विचारलं तर पोटाचा त्रास म्हणायचं. त्यामुळे शेजारी, नातेवाईक, कुणालाच काही विचारायची सोय उरली नाही. हातात आठ गोळ्यांची यादी, एक सिरप, पुढची तारीख तीन आठवड्यांनी, आणि मनात भीती. अशा वेळी कुणी "आम्ही घरी येऊन सगळं बघू" म्हणालं तर माणूस देवासारखा वाटतो.

तीन महिन्यांचं "लिव्हर होम केअर पॅकेज" होतं, 24,500 रुपयांचं. 10,000 मी त्याच दिवशी यूपीआयने भरले, बाकीचे घरी आलेल्या मुलाच्या हातात रोख दिले. पांढरा कोट घातलेला तो मुलगा बीपी बघून गेला. वजन केलं नाही, पायावरची सूज दाबून बघितली नाही. फाइलच्या प्रत्येक पानाचा फोटो मात्र काढला. जाताना "लिव्हर साफ करणारी" हिरवट पावडर आणि थेंबांची बाटली ठेवून गेला. मग आहारतज्ज्ञ म्हणवणाऱ्या बाईचा फोन आला. तिने सांगितलं ते असं: डाळ, दही, अंडं बंद, लिव्हरवर भार येतो. नारळपाणी दिवसातून तीनदा. श्रावणी सोमवार कडक करा, लिव्हरला विश्रांती मिळते. आणि ते सिरप बंद करा, त्याच्या जुलाबांनीच अशक्तपणा येतोय.

यातली एकेक गोष्ट उलटी होती, हे मला पुढे डॉक्टरांनी समजावलं. ते सिरप म्हणजे लॅक्टुलोज. आजारी लिव्हरला अमोनियासारखे विषारी पदार्थ निस्तरता येत नाहीत, ते मेंदूपर्यंत जातात. म्हणून दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौचाला व्हावं यासाठीच ते देतात. प्रथिनं तोडायची नसतात, उलट वजनाच्या दर किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम लागतात, नाहीतर अंगातलं मांस झडतं. उपास तर नाहीच, रात्री झोपण्यापूर्वीसुद्धा काही खायचं असतं. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, आणि पाणी उतरवायला बाबांना जी स्पायरोनोलॅक्टोन चालू होती तीही पोटॅशियम वाढवते. तोडायचं होतं ते मीठ. पापड, लोणचं, फरसाण, बाहेरची शेव-उसळ. त्याबद्दल त्या बाई एक अक्षर बोलल्या नाहीत.

नवव्या दिवशी मी दुधाच्या हिशेबाची वही उघडली. बाबा रेल्वेत हिशेबनीस होते, त्यांचा 4 आणि 7 आजही छापल्यासारखा असतो. त्या पानावर आकडे ओळीखाली घसरत गेलेले, एका तारखेला तर दोन वेळा 500 लिहून त्यावर रेघा. रात्रभर जागे, दिवसभर झोपलेले, हे दोन दिवस चाललंच होतं. शौचालाही झालं नव्हतं. मी त्या बाईला फोन केला. ती म्हणाली, "टॉक्सिन बाहेर पडताहेत बेन, हे चांगलं लक्षण आहे. आता दुसरा कोर्स सुरू करू," आणि 18,000 मागितले.

ते पैसे मी भरणारही होते. समोरच्या काकू निवृत्त सिस्टर आहेत. त्या दिवशी त्या सहज डोकावल्या आणि आईला राहवलं नाही, तिने सगळं सांगून टाकलं. काकूंनी बाबांना दोन्ही हात पुढे करून, गाडी थांबवतात तसे पंजे वर धरायला सांगितले. पंजे धरवेनात. खाली पडायचे, पुन्हा वर यायचे, पक्ष्याने पंख हलवावेत तसे. काकू एवढंच म्हणाल्या, "रिक्षा बोलव, आत्ता." पुढे एनिमा, सलाइन, पाच दिवस दवाखाना. बाबा शुद्धीवर आले, तेव्हा त्यांनी आधी वार विचारला.

दवाखान्याने सांगितलं, आमच्याकडून असा फोन कुणी करत नाही, घरी माणूस पाठवत नाही. पावडरच्या डब्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं: नॉट फॉर मेडिसिनल यूज. शिक्का फक्त एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थाचा. औषध म्हणून तिला कुणी परवानगी दिलेलीच नव्हती.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार केली, त्यांच्या पोर्टलवर नोंदवली, पण तोवर पंधरा दिवस उलटले होते आणि खातं रिकामं झालं होतं. तो नंबर लगेच, पैसे गेल्याच्या पहिल्या तासांत फिरवला तर रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते. रोख दिलेल्या 14,500 ची तर पावतीसुद्धा नाही. ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही नोंद केली आहे. डबा, बाटली आणि सगळे व्हॉट्सअॅप मेसेज मी जपून ठेवले आहेत, तुम्हीही काही फेकू नका.

घरी असा पेशंट असेल तर रोज सकाळी एकाच काट्यावर वजन करून लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, झोप उलटी झाली, काळी शी झाली, ताप आला, तर थांबू नका. दुखण्यावर मनाने ब्रुफेन, डायक्लोफेनॅक देऊ नका. गुळवेल, अश्वगंधा, काढे, कुणीही कितीही प्रेमाने दिलं तरी नाही. गुळवेलाने लिव्हरला इजा झाल्याची उदाहरणं 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत. आणि चालू औषध थांबवायला फोनवरून कुणी सांगितलं, तर फाइलवर ज्यांची सही आहे त्यांना विचारल्याशिवाय एक गोळीसुद्धा हलवू नका.

दुसऱ्यांदा सुट्टी झाली तेव्हा मी वॉर्डच्या सिस्टरना सरळ विचारलं, अडचण आली तर फोन कुणाला करू? त्यांनी फाइलच्या वरच पेनने नंबर लिहून दिला. गेल्या आठवड्यात रात्री साडेनऊला बाबांना खोकला झाला म्हणून मी तो लावला. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी आधी विचारलं, आज शौचाला किती वेळा झालं? मग कुठलं सिरप चालेल ते सांगितलं. दोन मिनिटं लागली असतील, आणि पैसे कुणी मागितले नाहीत.